दुरुस्तीने पूर्ण झालेले इंजिन : फोर्डच्या ६.० लिटर डिझेल पिकअप इंजिनाचा इतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रायः शोधाकडे जाते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले, येथपर्यंतचा भाग पाठ्यपुस्तकांत येतो. पुढील शंभर वर्षांत अशी इंजिने कोणी उघडली, कोणी साफ केली, कारखान्याने दिलेल्या भागाच्या जागी कोणी दुसरा भाग बसविला, याची नोंद मात्र क्वचितच होते. डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या ग्रंथात या उणिवेवर बोट ठेवले आणि वापर व देखभाल हेही इतिहासाचे विषय आहेत असे आग्रहाने मांडले. त्यापूर्वी डग्लस हार्पर यांनी 'वर्किंग नॉलेज' (१९८७) मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातील एका लहान गॅरेजच्या कारागिराचा बारकाईने अभ्यास केला होता. केव्हिन बोर्ग यांनी 'ऑटो मेकॅनिक्स' (२००७) मध्ये अमेरिकेतील मोटार कारागिरांच्या व्यवसायाचा विसाव्या शतकातील इतिहास मांडला.

या दिशेने विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात एकच उदाहरण घेतले आहे. अमेरिकेत २००३ ते २००७ या मॉडेल-वर्षांत फोर्डच्या 'सुपर ड्यूटी' पिकअप गाड्यांत बसविलेले ६.० लिटर 'पॉवर स्ट्रोक' डिझेल इंजिन हे ते उदाहरण होय. हे इंजिन वारंवार नादुरुस्त होण्यासाठी कुप्रसिद्ध झाले आणि त्याच इंजिनाने दुरुस्तीची एक स्वतंत्र परंपरा जन्माला घातली. कारखान्यात अपुरे राहिलेले आरेखन गॅरेजांनी पूर्ण केले, असे या परंपरेविषयी म्हणता येते. मात्र ते पूर्ण करण्याचा एक मार्ग असा होता की ज्याची किंमत गाडीच्या मालकाला द्यावी लागत नव्हती; ती इतरांच्या फुप्फुसांकडून वसूल होत होती. म्हणूनच हा विषय केवळ यंत्रशास्त्राचा राहत नाही.

पूर्वपीठिका

अमेरिकी पिकअप गाडीत डिझेल इंजिन रुजले ते तसे उशिराच. १९७३ च्या तेलसंकटानंतर जनरल मोटर्सने ओल्ड्समोबाइल विभागाचे ५.७ लिटरचे डिझेल इंजिन १९७८ मध्ये बाजारात आणले. ते शेव्हरोले पिकअपमध्येही मिळत असे. डिझेल इंजिनात ठिणगीशिवाय, केवळ हवेच्या दाबाने निर्माण झालेल्या उष्णतेवर इंधन पेट घेते. त्यामुळे सिलिंडरमधील दाब पेट्रोल इंजिनाच्या मानाने पुष्कळ अधिक असतो. तरीही या इंजिनाचे सिलिंडर हेड पेट्रोल इंजिनाप्रमाणेच प्रत्येकी दहा बोल्टांवर आवळलेले होते. शिवाय इंधनातील पाणी वेगळे करणारे साधन त्यात दिलेले नव्हते. हेड गॅस्केट फुटू लागल्या, इंधनपंप गंजू लागले, ग्राहक न्यायालयात गेले आणि १९८५ मध्ये हे इंजिन बंद झाले. अमेरिकी ग्राहकाच्या मनात डिझेलविषयी जी अढी बसली तिचा उगम येथे आहे.

ती अढी दूर केली ती जड यंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांनी. फोर्डने १९८३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर या शेतीयंत्रे व ट्रक बनविणाऱ्या कंपनीचे ६.९ लिटर इंजिन स्वीकारले. पुढे याच कंपनीचे नाव नॅव्हिस्टार झाले. डॉजने १९८९ मध्ये कमिन्सचे ५.९ लिटर, सहा सिलिंडरांचे इंजिन घेतले. १९९४ मध्ये नॅव्हिस्टारने फोर्डला दिलेले ७.३ लिटरचे 'पॉवर स्ट्रोक' इंजिन तर टिकाऊपणाचा मानदंड ठरले. ही गोष्ट विसरता कामा नये. कारण ज्या कंपनीने ७.३ लिटरचे इंजिन बनविले, तिनेच ६.० लिटरचेही बनविले. दोष केवळ 'अकुशल कारखान्या'चा होता, हे स्पष्टीकरण म्हणूनच अपुरे पडते.

दोन दडपणे

एकविसाव्या शतकाच्या आरंभी या इंजिनावर दोन बाजूंनी दडपण आले. पहिले स्पर्धेचे. जनरल मोटर्सने २००१ मध्ये इसुझूच्या सहकार्याने ६.६ लिटरचे 'ड्युरामॅक्स' इंजिन आणले. त्याची शक्ती ३०० अश्वशक्ती होती, तर जुन्या ७.३ लिटर इंजिनाची अखेरच्या काळातील शक्ती २७५ अश्वशक्ती. ग्राहक जाहिरातीतील आकड्यांकडे पाहत होता. नवे ६.० लिटर इंजिन आकाराने लहान असूनही ३२५ अश्वशक्तीचे करण्यात आले.

दुसरे दडपण कायद्याचे होते आणि ते अधिक खोल होते. १९९८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सात डिझेल इंजिन उत्पादकांशी न्यायालयीन तडजोड केली. या उत्पादकांनी चाचणीच्या वेळी प्रदूषण कमी आणि महामार्गावर अधिक राहील अशी संगणकीय योजना इंजिनांत केल्याचा आरोप होता. नॅव्हिस्टार या सातांपैकी एक होती. २००४ पासून लागू होणाऱ्या नव्या मानकांनी नायट्रोजन ऑक्साइडांचे प्रमाण बरेच खाली आणणे बंधनकारक केले. हे वायू धुरक्याला आणि श्वसनविकारांना कारणीभूत होतात. सिलिंडरमधील तापमान अतिशय वाढले की हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन ते तयार होतात. यावर उपाय म्हणून जळालेल्या वायूचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडण्यात येऊ लागला. या वायूमुळे ज्वलनाचे कमाल तापमान घटते. या व्यवस्थेला 'ईजीआर' आणि वायू थंड करणाऱ्या भागाला 'ईजीआर कूलर' म्हणतात.

येथे एक साधी गोष्ट घडली. जी उष्णता पूर्वी सायलेन्सरवाटे हवेत निघून जात असे, तिचा एक भाग आता इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, म्हणजे कूलंटमध्ये, येऊ लागला. कायद्याने मागितलेल्या स्वच्छ हवेचा भार असा प्रथम रेडिएटरच्या पाण्यावर पडला.

दोषांची साखळी

यंत्रशास्त्राशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी येथे थोडा तपशील आवश्यक आहे. कारण या इंजिनाचा सारा इतिहास एका साखळीत गुंफलेला आहे. ६.० लिटर इंजिनात इंजेक्टर चालविण्यासाठी इंजिन ऑइलचाच उपयोग केला जातो. ऑइल अतिशय मोठ्या दाबाखाली इंजेक्टरपर्यंत नेले जाते. इंजेक्टरमधील दट्ट्या हा दाब सुमारे सातपट वाढवून इंधन सिलिंडरमध्ये फवारतो. त्यामुळे सुमारे १४ लिटर ऑइल या इंजिनात वंगण आणि दाब वाहून नेणारा द्रव अशी दोन्ही कामे करते. साहजिकच ते थंड आणि स्वच्छ ठेवणे हा जीवनमरणाचा प्रश्न होतो. हे काम करणारा ऑइल कूलर इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांमधील खोबणीत बसविलेला होता. त्यातून अरुंद फटींच्या एका बाजूने ऑइल आणि दुसऱ्या बाजूने कूलंट वाहत असे. या ऑइल कूलरमधून बाहेर पडलेला कूलंट पुढे ईजीआर कूलरकडे जात असे.

साखळी येथून सुरू होते. कूलंटमध्ये इंजिन ओतताना आत राहिलेली रेती असे. कूलंटमधील सिलिकेटही उष्णतेने साक्यासारखे वेगळे होत असे, असे अनेक कारागिरांचे मत होते. हा गाळ ऑइल कूलरच्या अरुंद फटींत अडके. फटी बुजल्या की दोन गोष्टी एकाच वेळी घडत : ऑइल तापे, आणि पुढच्या ईजीआर कूलरला पाणी अपुरे पडे. अपुऱ्या पाण्यावर शेकडो अंश तापलेला वायू आला की कूलंट उकळे आणि ईजीआर कूलर आतून फुटे. मग कूलंट थेट इंजिनाच्या श्वासनलिकेत. पांढरा धूर, पाणी कमी होणे, आणि कधी सिलिंडरमध्ये पाणी साठून इंजिन जागीच अडकणे, ही त्याची लक्षणे.

साखळीचे अखेरचे टोक म्हणजे हेड गॅस्केट. प्रत्येक सिलिंडरभोवती चारच बोल्ट होते. (ओल्ड्समोबाइलच्या हेडवरील दहा बोल्टांची येथे आठवण यावी. पंचवीस वर्षांनंतर आणि वेगळ्या कंपनीत पुन्हा तोच आकडा.) हे बोल्ट आवळताना कायमचे ताणले जाणाऱ्या प्रकारचे होते, अशा बोल्टाची पकड एका मर्यादेपर्यंतच वाढविता येते. सिलिंडरमध्ये दाब मर्यादेबाहेर गेला की हेड किंचित उचलले जाई आणि गॅस्केटमधून वायू कूलंटमध्ये शिरे. अधिक शक्तीच्या हौसेने मालकाने संगणकातील मांडणी बदलली असेल तर हे अधिकच लवकर घडे. हेड उतरविणे हे कोणत्याही गॅरेजात मोठे काम. या गाडीत तर इंजिनाभोवती जागा इतकी कमी होती की अनेक गॅरेजांत चालकाची संपूर्ण केबिन चौकटीवरून उचलून वेगळी केली जाई आणि मगच हेडला हात लावला जाई.

याशिवाय अन्य दोष होते. इंजेक्टरना ४८ व्होल्ट पुरविणारे एक विद्युत-नियंत्रण यंत्र होते. गाडीच्या दोन बॅटऱ्यांपैकी एक जरी क्षीण झाली तरी ते तापून त्यातील डाखाचे सांधे सुटत. टर्बोची बदलती पाती गंज व काजळीने अडकत. २००५ नंतरच्या इंजिनांत उच्च दाबाच्या ऑइलवाहिनीचा एक जोड निसटे आणि गरम इंजिन बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नसे. रुग्णवाहिकांसाठी वापरल्या जाणाऱ्या ई-मालिकेच्या गाड्यांतही हे इंजिन होते. तासन् तास जागेवर चालू ठेवाव्या लागणाऱ्या अशा गाड्यांत काजळी साठण्याला विशेष वाव मिळे. सर्वच दोषांचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही.

गॅरेजमधील निदान

प्रारंभीच्या वर्षांत दुरुस्ती एकेका भागाची होत होती. ईजीआर कूलर फुटला, नवा बसविला. काही महिन्यांनी तोही फुटला. हेड गॅस्केट गेली, नवी घातली आणि त्याच जातीचे नवे बोल्ट आवळले. फोर्डची डिझेल इंजिनावरील हमी पाच वर्षे किंवा १ लाख मैलांची असल्याने खर्च कंपनी सोसत होती. कोणत्या दोषासाठी कोणता भाग बदलावा, हे कंपनीचे दुरुस्ती-नियम ठरवीत होते. फुटलेला भाग बदलणे त्यांच्या चौकटीत बसत होते. तो का फुटला हे शोधण्यास त्या चौकटीत फारसे स्थान नव्हते.

कारण शोधले ते प्रामुख्याने स्वतंत्र गॅरेजांनी. हमी संपलेल्या गाड्या त्यांच्याकडे येत होत्या आणि मालक स्वतःच्या खिशातून पैसे देत होता. पुन्हा त्याच कामासाठी आलेला ग्राहक हा कारागिराच्या प्रतिष्ठेचा प्रश्न असतो. या गॅरेजांनी रूढ केलेली निदानपद्धती विलक्षण साधी आहे. गाडी पूर्ण गरम झाल्यावर महामार्गावर एकसारख्या वेगाने चालवायची आणि ऑइल व कूलंट यांच्या तापमानांतील फरक वाचायचा. हा फरक १५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ८ अंश सेल्सिअसहून अधिक असेल, तर ऑइल कूलर बुजू लागला आहे असे समजायचे. डॅशबोर्डवरील काटा हा आकडा सांगत नाही. गाडीच्या संगणकातून वाचणारे छोटे उपकरण सांगते. या एका वजाबाकीमुळे दोष फुटण्याआधीच दिसू लागला. हेड गॅस्केट ज्याला मूळ रोग वाटत होती त्याला ती अखेरचे लक्षण म्हणून दिसू लागली. ज्ञानाच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना मला हीच वाटते. तिचा कर्ता कोणी एक संशोधक नाही.

ज्युलियन ऑर यांनी 'टॉकिंग अबाउट मशीन्स' (१९९६) मध्ये फोटोकॉपी यंत्रांच्या तंत्रज्ञांचा अभ्यास करून असे दाखविले होते की दुरुस्तीचे ज्ञान पुस्तिकांपेक्षा परस्परांना सांगितलेल्या हकिगतींतून वाहते. ६.० लिटर इंजिनाबाबत नेमके हेच घडले. एकाने सांगितलेली हकिगत दुसऱ्याने आपल्या गाडीवर तपासली आणि त्यातून दुरुस्तीचा एक क्रम सर्वमान्य झाला. त्याला 'बुलेटप्रूफिंग' असे काहीसे भडक नाव पडले.

या क्रमातील तर्क साखळीच्याच वाटेने जातो. आधी कूलंट बदलून संपूर्ण यंत्रणा धुवायची, सिलिकेट नसलेला दीर्घायुषी कूलंट भरायचा आणि गाळ अडविणारी गाळणी जोडायची. नंतर ऑइल कूलर बदलायचा. ॲरिझोना राज्यातील मेसा येथील बुलेट प्रूफ डिझेल या कंपनीने तर ऑइल कूलर खोबणीतून काढून गाडीच्या पुढील भागात, हवेने थंड होईल असा बसविण्याची रचना विकसित केली. त्यामुळे ऑइल आणि कूलंट यांचा धोकादायक शेजारच संपला. त्याच कंपनीने ईजीआर कूलरमधील पातळ पत्र्याच्या घड्यांऐवजी जाड भिंतीच्या सरळ पोलादी नळ्या वापरल्या. हेड आवळण्यासाठी शर्यतीच्या गाड्यांकरिता सुटे भाग बनविणाऱ्या एआरपी या कंपनीचे अधिक मजबूत स्टड आले. त्यांच्याबरोबर हेडची पातळी यंत्रावर तपासून घेणे आलेच. वाकलेल्या हेडवर उत्तम स्टड आवळून उपयोग नसतो, हे सांगण्याची गरज कोणत्याही अनुभवी फिटरला वाटणार नाही. इंधनाचा दाब टिकविणारी एक सुधारित स्प्रिंग बसविली गेली. ४८ व्होल्टांचे यंत्र उघडून त्याचे सांधे पुन्हा डाखून देणारी लहान दुकाने निघाली. निसटणाऱ्या जोडाऐवजी आट्यांचा जोड मात्र फोर्डनेच पुरविला. हे सारे करून झाल्यावर हे इंजिन दीर्घकाळ निर्वेध चालते, असा अनेक मालकांचा व कारागिरांचा अनुभव आहे.

न्यायालयातील इंजिन

गॅरेजात कारण शोधले जात असताना कंपन्यांमध्ये प्रश्न होता तो खर्च कोणाचा याचा. हमीखालील दुरुस्तीचा भार नॅव्हिस्टारने उचलावा या मागणीसाठी फोर्डने जानेवारी २००७ मध्ये मिशिगन राज्यातील न्यायालयात दावा दाखल केला. देयकांच्या वादातून नॅव्हिस्टारने फेब्रुवारीत इंजिनांचा पुरवठा काही काळ थांबविला. न्यायालयाच्या आदेशाने तो पुन्हा सुरू झाला. जानेवारी २००९ मध्ये समझोता झाला आणि त्या वर्षाअखेर अमेरिकी पिकअपसाठीचा पुरवठा संपुष्टात आला. २०११ च्या मॉडेलपासून फोर्डने स्वतःचे ६.७ लिटर इंजिन बसविले. ग्राहकांचा सामूहिक दावा २०१३ मध्ये मिटला आणि काही दुरुस्त्यांचा खर्च ठरावीक मर्यादेत परत देण्याचे ठरले. पण ज्याने गाडी तिसऱ्या हाताने घेतली आणि मर्यादा ओलांडल्यावर हेड उतरविले, त्याच्या वाट्याला काही आले नाही.

या प्रकरणाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. २००५ मध्ये महिंद्र आणि नॅव्हिस्टार यांनी अनुक्रमे ५१ व ४९ टक्के भागीदारीत ट्रक उत्पादनाचा संयुक्त उपक्रम सुरू केला आणि पुण्याजवळील चाकण येथे त्याचे ट्रक तयार होऊ लागले. चाकणमधील इंजिनांचा येथे वर्णिलेल्या दोषांशी संबंध जोडता येणार नाही. पण नॅव्हिस्टारच्या पुढील वाटचालीचा संबंध मात्र आहे. २०१० च्या अधिक कडक मानकांसाठी इतर उत्पादकांनी युरियाच्या द्रावणाने धूर शुद्ध करण्याची पद्धत स्वीकारली, तर नॅव्हिस्टारने केवळ ईजीआर वाढवून काम भागविण्याचा हट्ट धरला. तो फसला. २०१२ मध्ये कंपनीला तो मार्ग सोडावा लागला आणि तिच्या प्रमुखांना पायउतार व्हावे लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस महिंद्रने नॅव्हिस्टारचा वाटा विकत घेण्याचे जाहीर केले. एका तांत्रिक आग्रहाचे पडसाद इलिनॉयपासून इतक्या दूरवर उमटले.

विश्वासार्हता कोणाची?

दुरुस्तीच्या ज्या परंपरेचे वर येथवर काहीशा कौतुकाने वर्णन केले, तिची दुसरी बाजू आता पाहिली पाहिजे. ईजीआर कूलर फुटतो, तर तो काढूनच टाकावा, हा विचार अनेक कारागिरांना सुचला. काही शे डॉलरांच्या संचात दोन तोंडे बंद करणाऱ्या पट्ट्या आणि एक नळी मिळे. तो बसविला की उष्णता पुन्हा सायलेन्सरवाटे बाहेर जाई, कूलंटवरील भार कमी होई आणि इंजिन शांत राही. केवळ यंत्राच्या दृष्टीने पाहिले तर हा उपाय अत्यंत तर्कशुद्ध आहे, हे मान्य केले पाहिजे. साखळीतील सर्वांत नाजूक कडीच काढून टाकली जाते. परंतु ही कडी तेथे बसविली होती ती नायट्रोजन ऑक्साइडे कमी करण्यासाठी, आणि ती काढणे अमेरिकेच्या 'क्लीन एअर ॲक्ट'नुसार बेकायदा आहे.

हा प्रकार पुढे एका इंजिनापुरता राहिला नाही. नंतरच्या इंजिनांतील काजळी-गाळण्या आणि युरियाची यंत्रणाही याच वाटेने काढून टाकण्यात येऊ लागली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये दिलेल्या अंदाजानुसार त्याआधीच्या सुमारे दहा वर्षांत ५ लाख ५० हजारांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांतील प्रदूषण-नियंत्रण काढून टाकले गेले होते आणि त्यामुळे त्या गाड्यांच्या आयुष्यात नायट्रोजन ऑक्साइडांचे ५ लाख ७० हजार टनांहून अधिक जादा उत्सर्जन होणार होते.

या आकड्यांपुढे कारागिराला दोषी ठरविणे सोपे आहे. मला ते अर्धवट वाटते. मालकाने ज्या गाडीसाठी पूर्ण किंमत मोजली तिच्यात कायद्याचे पालन करणारा भाग टिकाऊ असणे ही उत्पादकाची जबाबदारी होती. ती पार पाडली गेली नाही, तेव्हा स्वच्छ हवेची किंमत एखाद्या छोट्या कंत्राटदाराच्या किंवा शेतकऱ्याच्या एका दुरुस्तीच्या बिलात येऊन बसली. मजबूत नळ्यांचा ईजीआर कूलर बसविणे म्हणजे कायदा पाळून दोष घालविणे. तो काढून टाकण्याच्या खर्चापेक्षा ते महाग पडते. ज्या दोन कारागिरांनी दोष सारख्याच अचूकपणे ओळखला, त्यांपैकी एक भाग मजबूत करतो आणि दुसरा तो काढून टाकतो, ही फारकत कौशल्यातील नाही.

कॅलिफोर्नियाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. त्या राज्यात २०१० पासून १९९८ व त्यानंतरच्या, १४,००० पौंडांपर्यंतच्या डिझेल गाड्यांनाही दर दोन वर्षांनी प्रदूषण-तपासणी सक्तीची झाली. तपासनीस केवळ धूर पाहत नाही. बॉनेट उघडून सर्व भाग जागेवर आहेत की नाहीत हेही पाहतो. तेथील ६.० लिटर गाडीच्या मालकाला मजबूत कूलर घेण्यावाचून गत्यंतर नसते. ज्या राज्यांत डिझेल पिकअपची अशी तपासणीच होत नाही, तेथे त्याच वर्षाच्या आणि त्याच इंजिनाच्या गाडीत कूलरच्या जागी एक सरळ नळी आढळू शकते, आणि तशी जुनी गाडी विकताना 'ईजीआर काढलेले आहे' हे वाक्य गुण म्हणून सांगितले जाते.